कॅम्परचा एसी घरच्या लाईटवर चालतो, जनरेटरवर मात्र ट्रिप होतो. काय बघावं?

एसी बहुधा ठणठणीत आहे. आधी गॅस भरायला पळू नका. मी पळालो होतो. पैसे गेले आणि पुढच्या शनिवारी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर एसी पुन्हा तसाच 'हूंऽऽ' करून बसला.

तुम्ही लिहिलंय की एक टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी आहे, जनरेटर अडीच केव्हीएचा. पंखा फिरतो, पण कंप्रेसर लागायच्या वेळी जनरेटर दबतो. असा एसी चालताना ५ अँपिअरच्या आसपास घेतो, पण कंप्रेसर उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट मागतो. तुमच्या जनरेटरची पूर्ण ताकद ११ अँपिअरही नाही. घरची लाईन हा झटका सहज पचवते, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

माझ्याकडे दोष निघाला वायरचा. आवाज नको म्हणून जनरेटर लांब ठेवला होता आणि मधे ३० मीटरचं, १ स्क्वेअर एमएमचं एक्स्टेन्शन. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, म्हणजे एक ओहमच्या आसपास. ३० अँपिअरच्या झटक्याला तीसेक व्होल्ट वायरमध्येच गेले. व्होल्टेज पडलं की कंप्रेसरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, मग तो अडकतो आणि ट्रिप होईपर्यंत तेवढाच करंट ओढत राहतो. आता २.५ स्क्वेअर एमएमची १५ मीटर वायर आहे, तीही पूर्ण उलगडून. गुंडाळलेली रीळ तापते.

तेव्हा आधी जनरेटर जवळ आणून जाड वायरवर फक्त एसी लावून बघा. फ्रीज, गीझर, बॅटरी चार्जर सगळं बंद. चालला तर वायर बदला, विषय संपला. (जवळ म्हणजे खिडकीखाली नव्हे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, तो झोपेतच मारतो.)

नाही चालला तर जनरेटरचा इको स्विच बंद करा. इकोवर इंजिन हळू फिरत असतं, आरपीएम वाढेपर्यंत कंप्रेसर अडकलेला असतो. एसी बंद केल्यावर लगेच चालू करू नका, तीन मिनिटं थांबा, म्हणजे गॅसचं प्रेशर समान होतं. मधे स्टॅबिलायझर असेल तर तो काढून बघा. त्याचा रिले नुसता टकटक करत राहतो.

पुढचा संशय कंप्रेसरच्या कपॅसिटरवर, म्हणजे त्याला उठताना जोर देणाऱ्या भागावर. थकलेला कपॅसिटर घरच्या भक्कम लाईनवर खपून जातो, जनरेटरवर उघडा पडतो. त्याची क्षमता (मायक्रोफॅरडमध्ये) मोजून घ्या. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर नवा टाका. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करा, बंद एसीतही त्यात चार्ज शिल्लक असतो.

एवढं करूनही अडलं तर सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कंप्रेसरला हळुवार उठवणारं उपकरण. तो झटका निम्म्याहून खाली आणतो आणि मोठ्या जनरेटरपेक्षा स्वस्त पडतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मोटारींची कामं करणारा एखादा वाइंडर गाठा. सिंगल फेज कंप्रेसरसाठीचाच हवा, हे मात्र आधी सांगा.

आणि सापुताऱ्याला नेणार असाल तर घाट चढल्यावर इंजिनची ताकद आणखी कमी होते, दर १००० मीटरला साधारण दहा टक्के. खाली जनरेटरवर जेमतेम उठणारा एसी तिथे उठणार नाही. जनरेटरचा एअर फिल्टर झटकून न्या.