बाहुलीघरातली फायरप्लेस खरोखर पेटलेली वाटावी म्हणून काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचीसाठी १:१२ मापाचं (खऱ्याच्या बाराव्या भागाएवढं), जुन्या इंग्लिश धर्तीचं बाहुलीघर करताय. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमध्ये लाल एलईडी लावून पाहिला, पण विस्तव वाटायच्या ऐवजी सिग्नल लागल्यासारखं दिसतं. मेणबत्ती, पणती असलं काही पेटवायचं नाही आणि प्रोग्रॅमिंग येत नाही.

मी हौसेने अशी छोटी घरं करतो, त्यामुळे आधी माझं ठाम मत सांगून टाकतो. ज्वाळा करूच नका, निखारे करा.

ज्वाळा पारदर्शक असते, सतत हलते, क्षणाक्षणाला आकार बदलते. कागदाची, सेलोफेनची, रेझिनची ज्वाळा कितीही निगुतीने केली तरी ती जागच्या जागी ताठ उभी राहते आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडकते. निखारा मुळातच एका जागी असतो. पेटवून तासभर झालाय, ज्वाळा बसल्यात, आतून लाल आणि वरून राख धरलेली, असा विस्तव एवढ्याशा मापात अगदी हुबेहूब जमतो. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या घरांत लाकडापेक्षा दगडी कोळसाच जास्त जळायचा, लोखंडी जाळीच्या टोपलीत. म्हणजे तुमचं घर शहरी असेल तर कोळसा इतिहासालाही धरून होईल. लाकडाचे ओंडके खेड्यातल्या घराला शोभतात.

आपल्यापैकी बहुतेकांनी फायरप्लेस पाहिलेली असते ती सिमला-उटीच्या एखाद्या जुन्या बंगल्यात, नाहीतर पडद्यावर. मग आपण दुसऱ्यांच्या बाहुलीघरांचे फोटो बघून नक्कल करत बसतो. त्यापेक्षा कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीसमोर जरा वेळ उभं राहून बघा. कोळशाचा वरचा भाग लाल नसतोच. वर पांढुरकी राख, कडा काळ्या, आणि लाली असते ती दोन कोळशांच्या मधल्या फटीत, खोल. त्याने पुठ्ठ्याने वारा घातला की त्या फटी नारिंगी-पिवळ्या होतात, हात थांबला की हळूहळू परत गडद लाल. सगळे कोळसे एकदम उजळत नाहीत. डावीकडचा कोपरा फुललेला असतो तेव्हा उजवीकडचा विझत आलेला असतो. तुम्हाला हेच करायचंय: काळ्यात दडलेली लाली, आणि तीही एकसारखी नाही.

आता तुमचा लाल एलईडी सिग्नलसारखा का दिसतो ते. तो ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा एकच रंग फेकतो. तापलेला कोळसा तसं करत नाही. त्याच्या उजेडात लाल भरपूर, नारिंगी बऱ्यापैकी, पिवळा थोडा, असे सगळे रंग असतात. म्हणून खऱ्या विस्तवाच्या उजेडात वीट विटेच्या रंगाची आणि लाकूड लाकडाच्या रंगाचं दिसतं, पण नुसत्या लाल एलईडीच्या उजेडात सगळी खोली एकाच रंगात बुडते. उपाय सोपा आहे. वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा एलईडी घ्या, शक्यतो २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), आणि त्याच्या डोक्यावर नारिंगी ग्लास पेंटचे दोन हात द्या. ग्लास पेंट नसेल तर आकाशकंदिलाला लावतो तो नारिंगी जिलेटीन पेपर दुहेरी करून चालेल. असे दोन एलईडी, आणि तुमच्याकडचा तो लाल सगळ्यात खाली, कोळशांच्या बुडाशी. लाल फेकून देऊ नका, त्याची जागा तेवढी चुकली होती.

जोडणी सांगतो. एए मापाचे तीन सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा बारीक भाग हवा. वॉर्म व्हाइटला ३३० ओहम, लालला ५६० ओहम. दोन्हीकडे साधारण साडेचार मिलिअँपिअर करंट जातो. एवढ्याने पडेल तो उजेड तुम्हाला आधी कमी वाटेल. वाटू दे. बाहुलीघरातला विस्तव खोटा दिसायचं पहिलं कारण तो फार प्रखर असतो हे आहे. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून, एक लहान दिवा ठेवून बघा, मग ठरवा. एवढ्या करंटवर एलईडी हाताला गरमही लागत नाही, त्यामुळे आगीची काळजी नको.

लुकलुकण्यासाठी प्रोग्रॅमिंग लागत नाही. दिवाळीत सेलवरच्या प्लास्टिकच्या पणत्या मिळतात ना, त्यातली एक उघडा. आतल्या पिवळ्या एलईडीत लुकलुकवणारी बारीक चिप बसवलेलीच असते, उजेडासमोर धरून नीट बघितलं तर प्लास्टिकच्या आत दिसतेसुद्धा. तो एलईडी १५० ओहमचा रेझिस्टर लावून घ्या, त्यालाही नारिंगी रंगाचा हात द्या, आणि कोळशांच्या मागे, तोंड मागच्या भिंतीकडे करून ठेवा. तो थेट दिसता कामा नये. बाकीचे तीन संथ जळतात, हा एकटा भिंतीवर थरथरतो. सगळेच लुकलुकणारे लावले तर फायरप्लेस गणपतीच्या मखरासारखी दिसायला लागते.

(ज्यांना आर्डुइनो येतो त्यांच्यासाठी: तीन पीडब्ल्यूएम पिनांवर तीन एलईडी, प्रत्येकाचा वेग वेगळा, आणि नवा आकडा एकदम न देता हळूहळू त्याच्याकडे सरकवायचा. शून्यापर्यंत कधीच उतरू द्यायचं नाही. निखारा मंदावतो, विझून परत पेटत नाही.)

आता खुद्द कोळसे. लोणारी कोळसा इस्त्रीवाल्याकडून मूठभर मागून आणा, फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा. तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे ठेवा, कारण १:१२ मध्ये ते खऱ्या चार-सहा सेंटिमीटरच्या कोळशाएवढे होतात. भुकटी फेकू नका, पुढे लागेल. माउंटबोर्डच्या तुकड्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, त्यावर एलईडी आडवे बसवा. वायरींचे उघडे सांधे फॉइलला टेकू देऊ नका, टेप लावा. मग ग्लू गनचा पारदर्शक ग्लू त्यावर ओघळू द्या, मुद्दाम ओबडधोबड. निवल्यावर त्या उंचवट्यांवर लाल आणि नारिंगी ग्लास पेंट ठिपक्या-ठिपक्यांनी लावा, काही जागा तशाच सोडा. वरून कोळशाचे तुकडे चिकटवा, पण फटी राखून. खाली दाट, वर विरळ, आणि मधोमध एक-दोन फटी जरा मोठ्या.

एवढं झालं की अंधारात दिवा लावून बघा. कुठेतरी एक पांढरा ठिपका टोचल्यासारखा दिसणारच. तिथे कोळशाची भुकटी फेविकॉलमध्ये कालवून लिंपा. हे लिंपणं कंटाळवाणं असतं, पण निम्मं काम त्यात आहे.

राखेला अगरबत्तीची राख घ्या. चुलीची राख या मापाला भरड पडते. ती फेविकॉलमध्ये कालवू नका, काळपट चिखल होतो. कोळशांच्या माथ्यावर ब्रशने पातळ फेविकॉल टेकवायचं, ते ओलसर असताना चिमटीने राख भुरभुरवायची, आणि वाळल्यावर उरलेली फुंकून टाकायची. थोडी जाळीखाली पडलेली दिसू दे. खऱ्या घरात ती तिथेच पडते.

ओंडकेच हवे असतील तर डाळिंबाच्या किंवा मेंदीच्या वाळक्या काड्या घ्या, ज्यांची साल बारीक पोताची असते अशा. चिंचेच्या जाड फांदीची साल या मापात डोंगरासारखी दिसते. टोकं काळ्या रंगाने रंगवण्यापेक्षा बाल्कनीत मेणबत्तीवर खरोखर जाळून पाण्यात विझवा. जळक्या लाकडाच्या चौकटी-चौकटी भेगा रंगाने कधी येत नाहीत.

कोनाड्याचं माप हाही गमतीचा भाग आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रमफर्ड, याने फायरप्लेसचा आकारच बदलून टाकला. आधीचे कोनाडे खोल, चौकोनी खोक्यासारखे, सगळी ऊब धुराड्यातून वर जाई. त्याने कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे ऊब खोलीत परतायला लागली. त्याचं प्रमाण असं: मागची भिंत दर्शनी रुंदीच्या एक तृतीयांश, आणि कोनाड्याची खोली, म्हणजे तो आत किती जातो, तीही तेवढीच. खऱ्या तीन फुटी फायरप्लेसचं १:१२ मध्ये तीन इंच तोंड, एक इंच मागची भिंत, एक इंच खोली. गणित इतकं सोपं येतं की कापायला बसताना बरं वाटतं. आणि ज्या तिरक्या भिंती ऊब बाहेर फेकतात त्याच तुमचा उजेडही खोलीत फेकतात. खोकं केलंत तर तो आतच राहील.

भिंती सनबोर्डच्या करणार असाल तर आधी मागून काळा रंग किंवा फॉइल लावा. सनबोर्डमधून उजेड आरपार येतो आणि शेजारच्या खोलीची भिंत लाल दिसते. विटांसाठी अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा उत्तम, त्याचा खरखरीतपणा आयताच विटेसारखा असतो. इंग्लिश वीट २१५ बाय ६५ मिलिमीटर दिसते, म्हणजे तुमची १८ बाय साडेपाच.

आतून सगळं काळंकुट्ट रंगवू नका. जिथे आच सगळ्यात जास्त लागते तिथली काजळी जळून जाते, म्हणून विस्तवालगतची वीट फिकट, राखाडी असते. काळी दाटी असते ती वर, धुराड्याच्या तोंडाशी. ही काजळी विकत आणायची गरज नाही. आजी काजळ धरायची तसं तेलाच्या दिव्यावर बशी पालथी धरा, जमलेली काजळी कोरड्या ब्रशने वरून खाली झटकत आणा. रंगाला जी चमक येते ती हिला येत नाही, आणि फायरप्लेसमध्ये चमकणारं काळं दिसलं की खेळ संपला.

शक्य असेल तर दर्शनी चौकटीच्या वरच्या पट्टीमागे आणखी एक नारिंगी केलेला एलईडी, खाली तोंड करून लपवा. ३३० ओहमचाच. त्याचा उजेड कोनाड्यासमोरच्या फरशीवर आणि गालिच्याच्या कडेवर पडतो. माझ्या मते निखाऱ्यांपेक्षाही या एका दिव्याने जास्त फरक पडतो, कारण पाहुणे आधी खोली बघतात, कोळसे नंतर.

हे सगळं घरात पक्कं चिकटवू नका. कोनाडा मागच्या बाजूने खणासारखा ओढून काढता येईल असा करा. एलईडी सहसा जात नाही, पण बारीक वायरीचा डाग (सोल्डरिंगचा सांधा) हमखास सुटतो. वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. वायर आधीच जोडलेले एलईडी मागा, डाग द्यायचा त्रास वाचेल.

भाचीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एवढं सांगतो. पणतीतला एलईडी घेतल्यावर त्यातला बटण सेल घरात इकडेतिकडे ठेवू नका, बाहुलीघरातही वापरू नका. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. एए सेलचा डबा स्क्रूने बंद होणारा घ्या आणि घराच्या तळाशी, बाहेरून बसवा. आणि दिवाळीचं थेट सॉकेटमध्ये लावायचं जुनं तोरण कापून त्यातले दिवे घ्यायचा मोह झाला तर तो टाळा. त्या माळांच्या वायरीत २३० व्होल्ट खेळत असतात.