वय वाढलं की शहाणपण आपोआप वाढतं का?

नाही, आपोआप वाढत नाही. पण म्हातारपणी बुद्धी मंदावते हा सरसकट समजही तितकाच चुकीचा. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. नव्या गोष्टीचा चटकन उलगडा करणारी बुद्धी तरुणपणानंतर हळूहळू उतरते, तर साठवलेलं ज्ञान आणि शब्दसंपत्ती साठीनंतरही बरीच टिकते. म्हणून नव्या फोनच्या सेटिंगमध्ये अडकलेले आजोबा शब्दकोड्यात मात्र नातवाला नेमका शब्द सुचवतात. आपण फोन जमतो की नाही यावरून त्यांच्या बुद्धीचं माप काढतो, तिथेच घोळ होतो! मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांच्या बर्लिनमधल्या संशोधनात लोकांना आयुष्यातले अवघड पेच देऊन त्यांच्या उत्तरांतलं शहाणपण जोखलं, तेव्हा नुसत्या वयाने प्रौढांमध्ये फारसा फरक पडलेला दिसला नाही. त्यामुळे 'मी चार पावसाळे जास्त पाहिलेत' हा काही पुरावा नव्हे. दुसऱ्या टोकाला वयावरून कमी लेखणं आहेच. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये 'एजिझम' हा शब्द रूढ केला. अर्थात हे सगळं सरासरीचं चित्र आहे; स्मृतिभ्रंशासारखा आजार असेल तर हा हिशोब लागू होत नाही.