मार्वलचा सगळ्यात पहिला अंक आज वाचण्यासारखा आहे का, की नुसता महाग म्हणून फेमस आहे?

वाचाच. मी अर्थात रीप्रिंट वाचलाय, पण तीन-चारदा वाचलाय. फक्त स्पायडरमॅन, आयर्न मॅन भेटतील म्हणून उघडू नका, ते दोन दशकांनंतरचे. हा ऑक्टोबर १९३९ चा 'मार्वल कॉमिक्स' नंबर १, किंमत १० सेंट, आणि मार्वल हे तेव्हा कंपनीचं नावच नव्हतं, कंपनी टाइमली. मालक मार्टिन गुडमन पल्प मासिकं, म्हणजे स्वस्त कागदावरची कथा-मासिकं काढायचे, आदल्या वर्षी सुपरमॅन आला आणि तुफान चालला, मग त्यांनाही कॉमिक काढायचं होतं, तर आतला मजकूर त्यांनी फनीज इन्कॉर्पोरेटेड नावाच्या स्टुडिओकडून तयार घेतला. म्हणून अंक आपल्या दिवाळी अंकासारखा आहे, वेगवेगळ्या लोकांच्या गोष्टी एका कव्हरात. वेस्टर्नवाला मास्क्ड रेडर, जंगलातला का-झार, मिशीवाला एंजल ज्याला कुठलीच शक्ती नाही. ही पानं भरभर उलटलीत तरी चालेल.

थांबायचं ते दोन गोष्टींवर. पहिली कार्ल बर्गोसची ह्यूमन टॉर्च. हा मार्वलच्याच नंतरच्या फँटास्टिक फोर टीममधला, त्याच नावाचा जॉनी नाही हं, हा माणूसच नाही, प्रोफेसर हॉर्टनने बनवलेला यंत्रमानव आहे, हवा लागली की पेटतो, लोक घाबरतात म्हणून त्याला काँक्रीटमध्ये गाडून टाकतात आणि तो बाहेर पडतो तेव्हा त्याला स्वतःची आग विझवताही येत नाही, नुसता शहरातून धावत सुटतो. त्याचं कुणाशी वैर नाही, तो हात लावेल ते जळतं एवढंच. मला त्याची खरंच दया येते.

दुसरी बिल एव्हरेटची सब-मरीनर, आणि माझ्या मते अख्ख्या अंकात हीच सरस. बुडालेल्या जहाजापाशी उतरलेल्या डायव्हर्सना नेमोर, म्हणजे हाच सब-मरीनर, मारतो, तेही ते यंत्रं आहेत असं समजून. मग त्याची आई त्याला सांगते की माणसांच्या जहाजाने समुद्रात स्फोट करून आपली माणसं मारली, आता बदला तुला घ्यायचाय. बाप माणूस, आई समुद्रातली, आणि लढाई बापाच्या जातीशी. पहिल्याच अंकात हिरो आपल्याच विरोधात आहे, आणि वाचताना त्याचं म्हणणं पटतं, हे १९३९ मध्ये कुणीतरी केलंय! पाण्याखालची चित्रं एव्हरेटने बारीक शेडिंगच्या खास कागदावर काढली, त्यामुळे रंगाखालून करडी झाक दिसते आणि पाणी खरंच गढूळ, खोल वाटतं.

ह्या गोष्टीचं आठवं पान संपतं तिथे शेवटच्या चित्रात एक रिकामी चौकट शोधा. ही गोष्ट मुळात थिएटरमध्ये फुकट वाटायच्या एका कॉमिकसाठी ८ पानांची होती, त्या चौकटीत 'पुढच्या आठवड्यात चालू' असं होतं. ते वाटप काही झालं नाही, मग एव्हरेटने ४ पानं वाढवून १२ केली, अक्षरं गेली आणि चौकट तशीच राहिली.

महाग का, तर जुना आणि दुर्मिळ म्हणून. पहिले ८०,००० छापले, ते संपले म्हणून जवळपास ८ लाख पुन्हा छापले, त्यावर 'ऑक्टोबर' काळ्याने झाकून 'नोव्हेंबर' घातलंय. एक प्रत २०२२ मध्ये २४ लाख डॉलरला गेली, तिच्यात कुणाला किती पैसे दिले ते हाताने लिहिलेलं आहे, कव्हर काढणारे फ्रँक आर. पॉल ह्यांना २५ डॉलर. मला तो आकडा वाचून वाईट वाटलं, कारण ते कव्हर, पोलादी भिंत वितळवून आत येणारा तो टॉर्च, अजून अंगावर येतं.

तुम्ही सुरुवात नेमोरपासून करा, टॉर्च नंतर. आणि आवडलं तर पुढे १९४० मध्ये ह्या दोघांची न्यूयॉर्कमध्ये मारामारी होते, अंक ८ आणि ९, तोवर नाव 'मार्वल मिस्टरी कॉमिक्स' झालेलं, त्या नावानेच शोधा.