मध्यम शहरात बिऱ्हाड हलवण्याआधी

कमी भाडं आणि 20 मिनिटांवर ऑफिस, एवढ्यावर भुलू नका. आधी हे मोजा: हातातली नोकरी गेली तर तुमच्या कामाच्या दुसऱ्या किती कंपन्या तिथे आहेत? एक-दोनच असतील तर पगारवाढ मागताना हात कायम दगडाखाली. मग किमान 6 महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच निघा.

खरी गोम वाहतुकीत असते. बस असते, पण बऱ्याचदा रात्री लवकर बंद होते. मग घरात दुसरी गाडी येते आणि भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग गिळून टाकतात. म्हणून भाडं आणि प्रवास एकत्रच धरा. शहर बघायला रविवारी जाऊ नका (रविवारी कुठलंही शहर छानच वाटतं). कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला घर ते ऑफिस स्वतः जाऊन बघा.

दवाखाने भरपूर दिसतील. विचारायचं ते हे, की रात्री 2 वाजता हृदयरोगतज्ज्ञ हजर असतो का, की पेशंट मोठ्या शहरात पाठवतात?

घर लगेच घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहा. लहान बाजारात विकायला काढलेल्या घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत महिनोन् महिने जातात, हप्ते मात्र थांबत नाहीत.