अडलं तर अक्षर मागा, शब्द मागू नका

तुमचा प्रश्न असा आहे: "पेपरातलं मराठी शब्दकोडं रोज सोडवायला बसतो, निम्म्यावर येऊन अडकतो. एकट्यानेच झगडावं की कुणाला विचारावं? विचारलं तर ती फसवणूक नाही का? आज ‘तांदूळ धुवायची बांबूची टोपली’, तीन घरं, मधलं अक्षर ‘व’, इथे गाडी अडली आहे."

विचारा, अगदी मनमोकळेपणाने विचारा. फक्त विचारायची एक रीत आहे. ती मी डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात शिकले.

मी १९९९ साली फोर्टमधल्या एका ऑफिसात नोकरीला लागले. डोंबिवलीहून सुटणारी गाडी, त्यामुळे बसायला मिळायचं. समोरासमोरच्या दोन बाकांवर आम्ही सात-आठ जणी रोजच्या. खिडकीशी एक काकू बसायच्या, निवृत्तीला आलेल्या. गाडी हलली की त्या पेपराची चार पदरी घडी करायच्या, कोडं बरोबर वर येईल अशी, आणि पर्सवर ठेवून पेन्सिलीने सुरुवात करायच्या. मी चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या खांद्यावरून डोकावून मी एक उत्तर बोलून गेले. काकूंनी पेन्सिल थांबवली, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, शब्द सांगू नकोस. अक्षर सांग."

तोच आमचा नियम झाला. जिला उत्तर येतंय तिने अख्खं सांगायचं नाही. विचारणारी म्हणेल ते एकच अक्षर द्यायचं, पहिलं किंवा शेवटचं. त्या एका अक्षरावर बाकीचा शब्द तिने स्वतः उभा करायचा. त्या काळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. आत शिरल्यावर शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे. मग समोरची तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवायची. गाडी उजेडात येईपर्यंत तो शब्द मनात जुळवत बसण्यात जी मजा होती, ती मला अजून दुसऱ्या कशात सापडलेली नाही.

एका अक्षराने एवढं काय होतं, असं वाटेल. आपल्या लिपीत फार होतं. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिलं शब्दकोडं छापलं, ते इंग्रजीत, एका घरात एक लेटर. तिथे घरात येऊन येऊन २६ गोष्टी येणार. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ३४ व्यंजनांची बाराखडी धरली तरी ४०८ अक्षरं झाली, जोडाक्षरं वेगळीच. ‘चंद्र’ दोन घरांत मावतो, ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत. म्हणून मराठी कोडं रचणाऱ्याचं काम अवघड. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे नुसता ‘क’ जुळून भागत नाही, ‘कि’ला ‘कि’च लागतो. काळी घरं जास्त आणि शब्द दोन-तीन-चार घरांचे, हे मला वाटतं त्यामुळेच. सोडवणाऱ्याला मात्र याचा फायदा होतो. एक अक्षर मिळालं की शक्यता एकदम खाली येतात.

समजा, ‘पाणी’, तीन घरं. जल, नीर, तोय लगेच आठवतात, पण ते दोन घरांचे. तीनमध्ये उदक, सलिल, जीवन असे बरेच बसतील, घाईने काहीच लिहू नका. पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द बघा: ‘मकरसंक्रांतीपासून सुरू झालेला मानतात’, पाच घरं. उत्तरायण. म्हणजे ‘उ’ आला, उदक पक्कं, आणि शेवटच्या ‘क’वरून खालच्या कमळाचाही रस्ता मोकळा झाला. कोडं असं कोपऱ्यातून उलगडत जातं. एक ते वीस क्रमाने सोडवायचा हट्ट सोडा. पहिल्या फेरीत म्हणी आणि गाळलेल्या जागा भरून टाका, ‘नाचता येईना ___ वाकडे’ अशा. तिथे दुसरं उत्तरच संभवत नाही, म्हणून ती अक्षरं भरवशाची.

दुसरी गोष्ट, क्लूचं व्याकरण बघा. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी. ‘-णे’ने संपणारं क्रियापद विचारलं असेल तर शेवटच्या घरात पेन्सिलीने हलकंसं ‘णे’ लिहून ठेवा, उभ्या शब्दाला लगेच मदत होते.

ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र जरा जास्त लक्ष द्या, कारण निम्म्यावर अडकणारे बरेचजण इथेच अडकतात. ‘सूर्य’, दोन घरं, उत्तर रवी. शब्दाच्या शेवटी दीर्घ, म्हणून खाली उतरणारा शब्द ‘वी’ने सुरू होणार: वीज, वीणा, वीर. विळा, विडा, विटी तिथे बसायच्या नाहीत. पण तोच ‘रविवार’ आला की आत ‘वि’ ऱ्हस्व. काकूंची शाळा १९६२ च्या आधीची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम त्या साली आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. काकू हाताच्या सवयीने ‘रवि’, ‘कवि’ असंच लिहायच्या आणि मग खालचा शब्द अडून बसायचा. आमच्यात एक शाळेतल्या बाई होत्या, त्या हळूच म्हणायच्या, "काकू, वेलांटी दुसरी." काकू खोडरबर काढायच्या. पन्नाशी उलटून गेलेल्या बाईने वेलांटी बदलताना जराही कमीपणा मानला नाही, हे मी रोज बघत होते. ऑफिसात कुणी माझी चूक दाखवली की मला ते आठवायचं.

आता तुमच्या प्रश्नातला ‘फसवणूक’ हा शब्द. मला वाटतं तुम्ही कोड्याला परीक्षा समजताय. मीही आधी तेच समजायचे. त्याचं उत्तर मला एका डिसेंबरमध्ये मिळालं. क्लू होता ‘खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब’, तीन घरं, मधलं ‘व’. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या, बाकीच्या बहुतेक मुंबई-ठाण्यात वाढलेल्या. खळं आम्ही पाहिलं होतं ते शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात. ठाणं गेलं, घाटकोपर गेलं, कुणालाच सुचेना. आमच्यात परभणीकडची एक नर्स होती. ती कोड्यात कधी पडायची नाही, "मला नाही बाई तुमचं ते शुद्ध मराठी येत" म्हणायची. मांडीवर पिशवी घेऊन ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ति." काकूंनी विचारलं, "ति काय?" "पहिलं अक्षर ति. शेवटचं पण सांगू का?" शेवटचं ‘डा’. तिवडा!

मग तिने हातातली शेंग पिशवीत उभी धरून दाखवलं. हा तिवडा, याला बैल बांधायचे, ते गोल फिरणार, पायाखाली कणसं तुडवली जाणार. लहानपणी आजोबा तिला बैलांच्या मागे फिरायला लावायचे, उन्हात चक्कर यायची, पण रात्री खळ्यावर राखणीला झोपायला मिळायचं म्हणून ती हट्टाने जायची. दादर येईपर्यंत ती बोलत होती. त्या दिवसापासून शेतातलं काहीही आलं की पेपर आपोआप तिच्याकडे वळायचा. तिफणीवर बियाणं सोडायची वाटी म्हणजे चाडं, हे मला तिच्यामुळे माहीत झालं. काकूंना देवादिकांची नावं आणि संस्कृत समानार्थी शब्द यायचे, शाळेतल्या बाईंना व्याकरण, एकीला नाट्यसंगीत, मला नद्या आणि राजधान्या. एकटीचं कोडं आमच्यापैकी एकीचंही रोज पूर्ण होत नसे. डब्यातलं कोडं भायखळ्याच्या आत संपायचं.

तेव्हा कुणाला विचारणं ही फसवणूक नाही. शब्द माणसाकडून आला की त्याच्या मागे खळं, बैल, आजोबा येतात आणि तो जन्मभर राहतो. उत्तराचा चौकोन बघून भरलेला शब्द माझ्या तरी दुपारपर्यंतही लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून आली की न सुटलेले शब्द मात्र वहीत उतरवून घ्या.

कोशात बघणंही मी गैर मानत नाही, पण आधी दहा मिनिटं डोकं चालवून मग. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. जुन्या घरातले, शेतातले, बलुतेदारीतले शब्द तिथे भरपूर आहेत. अर्थ इंग्रजीत असले तरी मोल्सवर्थ चाळताना माझा अर्धा तास कसा जातो कळत नाही.

आणि कधीकधी चूक तुमची नसतेच. एकदा एका दैनिकाने चौकट एका कोड्याची आणि क्लू दुसऱ्याच कोड्याचे छापले. आम्ही ठाण्यापर्यंत स्वतःलाच दोष देत बसलो होतो. तीन-चार पक्की उत्तरं घरांच्या संख्येत बसेनात, तर खुशाल पेपर मिटून ठेवा.

काकू निवृत्त होऊन गावी गेल्या, तरी कोड्याचा फोटो त्यांना जायचा. मग मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. इमारतीत पेपर येईना. आमच्यातली एक ई-पेपरातलं कोडं ग्रुपवर टाकायची आणि मी मुलाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत ते आखून घ्यायचे, काळी घरं पेन्सिलीने गिरवून. रात्री नऊच्या आधी कुणी उत्तर टाकायचं नाही, मागितलं तर अक्षर द्यायचं, नियम जुनाच. परभणीची आमची नर्स तेव्हा कोविड वॉर्डात होती. तिला फोन करायची आम्हाला भीती वाटायची, झोपलेली असेल, ड्यूटीवर असेल. रात्री अकरा-साडेअकराला तिचा मेसेज यायचा: "सात आडवं, दुसरं अक्षर ळ." एवढाच. कोडं तोवर सगळ्यांचं सुटलेलं असायचं, तरी सगळ्या जागून त्या अक्षराची वाट बघायच्या. ते आलं की काकू रत्नागिरीहून लिहायच्या, "मिळालं गं. आता झोप."

तुम्हाला डबा नसेल तर घरातली आई, सासू, मामा, खालचा वाणी, वाचनालयात समोर बसणारे आजोबा, कुणीही चालेल. उद्या सकाळी त्यांच्यापुढे घडी केलेला पेपर धरा आणि एकच क्लू मोठ्याने वाचा. पूर्ण उत्तर देऊ लागले तर त्यांना थांबवा आणि अक्षर मागा.

तुमच्या टोपलीचं म्हणाल, तर ती आमच्या घरी होती. आई तांदूळ धुऊन ती मोरीच्या कठड्यावर निथळत ठेवायची, आणि बांबूच्या फटींतून पाणी गळत असताना मी खाली हात धरायचे. पहिलं अक्षर ‘रो’.