पुस्तक छापायला पासष्ट हजार द्यायचे का?

देवगडकडच्या एका ताईंचं पत्र आलंय, लांब आहे म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा टीवाय बीएला, मराठी घेऊन. दोन वर्षं रात्री जागून त्याने रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून करायच्या मासेमारीवर, एक कादंबरी लिहिली. पुण्या-मुंबईच्या तीन प्रकाशकांकडे पाठवली, एकाने नाही म्हटलं आणि बाकी दोघांकडून आठ महिने काहीच नाही. आता एका कंपनीचा फोन आलाय, "तुमचं पुस्तक सिलेक्ट झालंय", ६५ हजारांचं पॅकेज, महिनाअखेरच्या आत भरले तर ५५. मुलगा म्हणतो बीएडसाठी ठेवलेत ते पैसे द्या, हल्ली सगळे सेल्फ पब्लिशिंगच करतात. वडील म्हणतात स्वतःचे पैसे घालून छापलेलं पुस्तक म्हणजे कोणी न उचललेला माल. आणि ताई विचारतायत, "सर, ह्यात करिअर आहे की आम्ही फसतोय?"

ताई, पहिलं म्हणजे पैसे भरू नका. आणि दुसरं, मुलाला सेल्फ पब्लिशिंग करू नको असंही सांगू नका. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमच्या घरात त्या एकच धरल्यामुळे भांडण चाललंय असं मला पत्र वाचून वाटलं.

तुमची हापूसची कलमं आहेत असं तुम्ही लिहिलंयत, म्हणून त्यातच सांगतो. पेटी वाशीला दलालाकडे पाठवली की विकायची कटकट त्याची, तो आपलं कमिशन कापतो आणि हातात हिशेबाची पट्टी येते, भाव काय मिळाला ते नशीब. जुन्या पद्धतीचं प्रकाशन हे असं. छपाईचा खर्च प्रकाशकाचा, विक्री त्याची, लेखकाला साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी. दुसरा मार्ग म्हणजे आंबा थेट पुण्या-ठाण्याच्या गिऱ्हाईकाला द्यायचा, भाव बरा मिळतो पण निवड, पेंढा, बॉक्स, गाडी आणि दोन फळं डागी निघाली की येणारा फोन, सगळं आपल्यावर. हे खरं सेल्फ पब्लिशिंग. आता तिसरा कोणी येऊन म्हणाला की तुमचा आंबा माझ्या दुकानात ठेवायचे मला ६५ हजार द्या, विकला तर बघू, तर तुम्ही काय म्हणाल त्याला? तुमच्या मुलाला आलेला फोन हा तिसऱ्याचा आहे. ह्यात गिऱ्हाईक वाचक नाही, तुम्हीच. पुस्तक विकलं नाही तरी त्यांचा धंदा झालेला असतो. आणि "सिलेक्ट झालंय" म्हणतात ना, तर मुलाला सांगा फोन आला की विचार, कादंबरीतल्या म्हाताऱ्या रापणकाराचं नाव काय. बघू काय उत्तर येतं.

तुम्ही पॅकेजच्या कागदाचा फोटो पाठवलाय त्यात "आयएसबीएन शुल्क ३५००" अशी ओळ आहे. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो भारतात फुकट मिळतो हो! राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी म्हणून केंद्र सरकारची व्यवस्था आहे, तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावानेही करू शकतो. पुढची ओळ "१०० टक्के रॉयल्टी", पण १०० टक्के कशाचे? बारीक अक्षरात लिहिलंय, छपाई आणि विक्रेत्याचं कमिशन वजा जाता उरेल त्याचे. त्याच्याखाली "सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी" हक्कांची ओळ, ही मला सगळ्यात वाईट वाटली. पैसे आपण द्यायचे आणि उद्या कोणी सिनेमावाला आला तर परवानगी त्यांची मागायची? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात लेखकाचे हक्क हयातभर आणि नंतर ६० वर्षं राहतात, त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही, लिहिलं की हक्क लागू. करारात मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणजे "कायमस्वरूपी" हा शब्द तिथे उगाच पडलेला नाही.

आता मुलाने स्वतः केलं तर काय होईल ते बघू. प्रेसप्रमाणे भाव बदलतात त्यामुळे हे आकडे "समजा" म्हणून घ्या. डेमी साइज, १९२ पानं, म्हणजे सोळा पानी बारा फॉर्मे. ३०० प्रती, एक प्रत ११० ला पडली तर ३३ हजार. डीटीपी (संगणकावर पानं जुळवणं), प्रूफं आणि मुखपृष्ठाचे १२ हजार धरा. झाले ४५ हजार. किंमत ठेवली २८० रुपये. वितरकाने निम्मं कमिशन घेतलं तर हातात १४०, आणि ३०० च्या ३०० विकल्या तरी येतात ४२ हजार, म्हणजे सगळं पुस्तक संपूनही तीन हजार खिशातून! तेच स्वतः २५० ला थेट विकलं तर १८० प्रतींना खर्च निघतो, पोस्ट ज्याचं त्याने द्यायचं. म्हणून मुलाला वहीत नावं लिहायला सांगा, २५० रुपये खरंच काढून देतील अशा १८० माणसांची. कॉलेजचे मित्र "भाई मस्त" म्हणणारे खूप असतात, ते धरायचे नाहीत. नावं ६० वर थांबली तर पुस्तक छापायची वेळ आली नाहीये अजून, वाचक करायची वेळ आहे. १२० च्या वर गेली तर प्रकाशनपूर्व सवलतीत २०० रुपयांना नोंदणी घ्यायची, जेवढी नोंदणी तेवढ्या प्रती आणि वर पन्नास. आज डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात, प्रत थोडी महाग पडते पण पडून राहत नाही.

पडून राहण्यावरून माझंच सांगतो. मी दहावीनंतरच्या कोर्सेसचं एक छोटं पुस्तक स्वतः काढलं होतं, प्रेसवाला म्हणाला हजार घ्या सर, पाचशेपेक्षा फार फरक नाही पडत, मी घेतली हजार. मे महिन्यात गठ्ठे आले, रत्नागिरीत भाड्याच्या घरात जिन्याखाली ठेवले आणि जुलैत उघडून बघतो तर खालच्या गठ्ठ्यांना हिरवी बुरशी आणि मधल्यांना कसर लागलेली. तीनेकशे प्रती रद्दीवाल्यालाही नको होत्या. तेव्हा कोकणात पुस्तक दसऱ्यानंतरच छापून घ्या आणि गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. तुमच्याकडे तर महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा आहे, अर्धी मुंबई गावी येते, रापणीवरची कादंबरी तिथे टेबल टाकून विकली जाणार नाही तर कुठे जाणार? लाज वाटते म्हणाला तर मात्र हे काम त्याचं नाही, आणि त्यातही काही वाईट नाही, मग प्रकाशकच शोधायचा.

डीटीपी करून घेताना एक गोष्ट कटाक्षाने बघायची. बरेच ऑपरेटर जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, छापील पान छान दिसतं पण ई-बुकसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलायला घेतलं की जोडाक्षरं फुटतात, "दर्या" चा "दऱ्या" होतो. समुद्रावरच्या कादंबरीत पानोपानी दऱ्या! म्हणून पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा आणि फाइल आपल्या ताब्यात घ्या, नुसती पीडीएफ नको. मुद्रितशोधकालाही आधी सांगून ठेवायचं की संवादातली मालवणी "शुद्ध" करू नका, "खंय" चं "कुठे" केलं तर पुस्तकच गेलं.

ई-बुकचं म्हणाल तर अ‍ॅमेझॉनची केडीपी म्हणून स्वतः ई-बुक काढायची सेवा आहे, तिच्यावर मराठी चालतं, टाकायला पैसे लागत नाहीत. रॉयल्टी ३५ टक्के नाहीतर ७०, पण भारतातल्या विक्रीवर ७० हवी असेल तर सिलेक्ट नावाच्या योजनेत जावं लागतं आणि ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर मराठी कादंबरी अजून कागदावरच जास्त खपते, ई-बुक बाजूला असू दे. पोस्टाचं बघायचं तर मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. १९२ पानांचं पुस्तक त्यात बसतं, पण ती सेवा ठराविक प्रकारच्या पुस्तकांसाठी आहे, त्यामुळे आधी प्रत घेऊन पोस्टमास्तरांना दाखवा. आणि हो, छापलेल्या पुस्तकाच्या प्रती कायद्याने ठराविक ग्रंथालयांना द्याव्या लागतात, त्यात मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ चा कायदा आहे, घरगुती प्रकाशक हमखास विसरतात.

वडिलांनाही थोडं सांगायचंय. स्वतः छापलं म्हणजे टाकाऊ असं नसतं हो काका. १९७६ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर आणि आणखी तीन कवींनी मिळून क्लिअरिंग हाऊस नावाने स्वतःची पुस्तकं काढायला घेतली, त्यातच कोलटकरांचं 'जेजुरी' हे कवितांचं पुस्तक आलं आणि पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थचं पारितोषिक मिळालं. आता कोलटकर जाहिरात क्षेत्रात नोकरी करत होते हेही मुलाने लक्षात ठेवावं, कवितेवर घर चालत नव्हतं त्यांचंही.

म्हणून बीएडचे पैसे बीएडलाच. मराठीत नुसत्या कादंबऱ्यांवर पोट भरणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, हे मी गोड करून सांगणार नाही. पण एक पुस्तक नीट स्वतः काढताना तो जे शिकेल, प्रूफं वाचणं, युनिकोड मांडणी, संपादन, त्याला बाजारात काम आहे. दिवाळी अंकांना, छोट्या प्रकाशकांना, ऑडिओबुकवाल्यांना अशी माणसं लागतात, आणि बीएड करता करता ही कामं घरून जमतात. कादंबरीतलं एखादं प्रकरण कथेसारखं सुटं करून जूनच्या आत दोन-तीन दिवाळी अंकांना पाठवू दे, तिथे छापून आलं की वहीतली नावं आपोआप वाढतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, तिची जाहिरात कधी येते ते बघत राहायला सांगा. कोमसापची (कोकण मराठी साहित्य परिषद) शाखाही जवळपास असेलच, तिथल्या म्हाताऱ्या मंडळींपैकी कोणीतरी कादंबरी वाचून तोंडावर खरं बोलेल, फोनवाल्या कंपनीपेक्षा ते बरं. त्या दोन प्रकाशकांनाही एक सभ्य आठवणीचं पत्र जाऊ दे, आठ महिने मराठीत फार नाहीत.

महिनाअखेरीला परत फोन येईल आणि ५५ चे ४५ होतील, बघा. तेव्हा मुलाने एवढंच म्हणायचं की करारपत्राची पूर्ण प्रत आधी पाठवा. आली तर मला पाठवा, मी वाचून सांगतो.