गाणी आली, पण तारे कुठे गेले?

प्रश्न : आमच्या जुन्या डेस्कटॉपवर आयट्यून्समध्ये नाट्यगीतं, ख्याल, भावगीतं असा मोठा साठा आहे. फाइल्स सगळ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. नव्या लॅपटॉपवर मुलाने म्युझिकबी हे आयट्यून्ससारखंच गाण्यांचं सॉफ्टवेअर टाकलं आणि डिस्कवरचं फोल्डर त्यात घेतलं. गाणी वाजतात, पण माझ्या प्लेलिस्ट नाहीत, आवडीप्रमाणे गाण्यांना दिलेले तारे नाहीत, निम्म्या अल्बमची चित्रं नाहीत, आणि एकाच गायकाची चार-चार नावं दिसतात. मुलगा म्हणतो, सगळ्या फाइल्सची नावं एकदम बदलून नीट लावू. डेस्कटॉप भंगारात द्यायचाय. शिवाय गाडीत देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन येतात.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : भंगारवाल्याला आज येऊ नका म्हणून सांगा, आणि चिरंजीवांना फाइल्सच्या नावांना हात लावू देऊ नका.

तारे, प्लेलिस्ट, कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, कधी आणलं, यातलं काहीही आयट्यून्स गाण्याच्या फाइलमध्ये लिहीत नाही. ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवतं आणि ती वही बहुधा डेस्कटॉपच्याच पोटात आहे. नेटवरून त्याने परस्पर आणलेली मुखपृष्ठंही फाइलमध्ये नसतात. तेव्हा डेस्कटॉप सुरू करा, आयट्यून्सच्या ‘फाइल’ मेनूत ‘लायब्ररी’ आणि तिथे ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’. त्या वहीची प्रत म्हणून जी एक्सएमएल फाइल मिळेल ती लॅपटॉपवर न्या. म्युझिकबीमध्ये आयट्यून्समधून आयात करायची सोय आहे, ती हीच फाइल मागते.

गोम अशी की या फाइलमध्ये प्रत्येक गाण्याचा जुना पत्ता असतो. डेस्कटॉपवर तुमची डिस्क ‘ई’ असेल आणि लॅपटॉपवर ‘एफ’ झाली असेल, तर एकही पत्ता जुळणार नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला पुन्हा ‘ई’ हेच अक्षर द्या. म्हणूनच फाइल्सची नावं बदलणं नंतर. आधी आयात, मग झाडलोट. क्रम उलटला की तारे कायमचे गेले. स्मार्ट, म्हणजे नियमाने आपोआप भरणाऱ्या, प्लेलिस्टचे नियम मात्र नव्याने बसवावे लागतील असं धरून चाला. आणि हे सगळं करण्याआधी डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. यावर चर्चा नको.

आता गायकांची नावं. ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक बँड, त्याचा एक अल्बम, त्यातली दहा-बारा गाणी, एवढंच होतं. आपल्याकडे नाट्यगीतांच्या एकाच सीडीवर माणिक वर्मा, ज्योत्स्ना भोळे, वसंतराव देशपांडे सगळे असतात. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा राहिला की अनेक सॉफ्टवेअरं गायकागणिक त्या सीडीचे तुकडे पाडतात. तिथे सगळ्या गाण्यांना एकच काहीतरी भरा, ‘नाट्यसंगीत’ लिहिलंत तरी चालेल. गायक ‘आर्टिस्ट’मध्ये, संगीतकार ‘कंपोझर’मध्ये. सुधीर फडक्यांसारखी माणसं दोन्हीकडे येतील, येऊ द्यात. राग मी ‘ग्रुपिंग’मध्ये लिहिते, ‘जॉनर’मध्ये लिहून पाहणारे भेटतात, पण मग ठुमरी आणि ख्याल वेगळे काढायला जागा उरत नाही.

एकीकडे भीमसेन जोशी, दुसरीकडे पं. भीमसेन जोशी, तिसरीकडे पंडित आणि चौथीकडे रोमन लिपीत, हे घरोघरी आहे. माझ्या संग्रहात मी पंडित, उस्ताद, विदुषी सगळं काढून टाकलंय. अनादर म्हणून नव्हे. ते ठेवलं की निम्मे गायक ‘प’खाली गोळा होतात, आणि किशोरीताईंना ‘कि’मध्ये शोधणारी मी ‘वि’मध्ये कशाला जाऊ? एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅममध्ये शंभर फाइल्स निवडून एका फटक्यात गायकाचं नाव सुधारता येतं. एमपी३ फाइल्सचे टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली ही गायक-शीर्षकाची माहिती, देवनागरी सांभाळणाऱ्या ‘आयडी३ व्ही २.३, यूटीएफ-१६’ याच प्रकारात साठवा. आयडी३च्या जुन्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघी ३० अक्षरं होती, तीही देवनागरीच्या कामाची नाहीत. आवाजावरून गाणं ओळखणारं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड चित्रपटगीतांवर जरूर चालवून बघा. घरगुती मैफलीच्या रेकॉर्डिंगवर नको, ते त्याच्या यादीत असणार कुठून?

गाडीतल्या चौकोनांचं कारण स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नाही, एवढंच. त्यासाठी मुख्य संग्रह रोमनमध्ये करू नका. पेनड्राइव्हसाठी वेगळी प्रत काढून तिचेच टॅग रोमन करा. फाइल्सच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक घाला. नुसते १, २ लिहिले तर बरेच स्टिरिओ १ नंतर थेट १० वाजवतात, आणि ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोलीच्या गर्दीत अडकलेले तुम्ही द्रुत आधी आणि विलंबित मागाहून ऐकत बसाल.